लाल दिव्यासमोर अर्धा तास

"या वेळी चूक होणं शक्यच नाही!" टाउनोने बहिणीला फोनवर ठणकावून सांगितलं. उभ्या आयुष्यात त्याने काही ठणकावून सांगितल्याची ही पहिलीच वेळ. पलीकडे साइमीच्या हातातला चमचा खाली पडल्याचा आवाज आला.

"मागच्या वेळी नाटकाला बोलावलंस तिला, आणि थिएटरच्या दारातून परत आलास," ती म्हणाली.

"पायऱ्यांवर फार माणसं होती गं."

"नाटकाला माणसं येतातच, टाउनो!"

टाउनोने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्याची चूक त्याला मैलावरून दिसे आणि स्वतःची तर करण्याआधीच दिसे. त्यामुळे तो सहसा काही करतच नसे. पण वाचनमंडळातल्या केर्टूला त्याने या खेपेस खरोखर तोंड उघडून विचारलं होतं. हेलसिंकीत दिव्यांचा उत्सव सुरू होतोय, पहिल्याच दिवशी जायचं का? पाच वाजता, बागेतल्या कारंज्यापाशी?

"येईन," केर्टू म्हणाली होती. "पण नाटकाच्या वेळी तासभर गारठले होते मी. या वेळी साडेपाचपर्यंत थांबेन. नंतर मात्र आपण फक्त पुस्तकांवर बोलायचं."

दोन पायमोजे, तीन स्वेटर आणि पाठ केलेली चार वाक्यं एवढ्या तयारीनिशी टाउनो निघाला. बागेच्या तोंडाशी पोचला आणि ठण ठण पाच वाजले. त्याच क्षणी सगळं शहर पेटलं! चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर निळाशार देवमासा पोहू लागला. झाडांच्या काटक्यांतून जांभळी पाखरं भुर्रकन उडाली. टाउनोने तोंडाचा आ केला तो मिटेचना. उणे चौदा अंशांत तोंड उघडं ठेवणं बरं नव्हे, पण सत्तरीत पहिल्यांदाच त्याला धावावंसं वाटत होतं!

आणि धावता धावता तो थबकला.

कारंज्याकडे जाणारी वाट पुरुषभर उंचीच्या बर्फाच्या ढिगांमधून जात होती. त्या वाटेवर प्रकाशाचे रुंद पांढरे पट्टे उमटले होते, अगदी रस्ता ओलांडायला असतात तसे. बाजूला खांब. खांबावर सिग्नलमधला लाल माणूस, हात खाली सोडून उभा.

बागेत रस्ता नव्हता. गाडी नव्हती. गाडी येण्याची सोयही नव्हती. पण लाल म्हणजे लाल! टाउनो उभा राहिला.

पलीकडे, पंधरा पावलांवर, कारंज्याला टेकून पिवळ्या टोपीतली केर्टू उभी होती. आलीय! तिने हात हलवला. यानेही हलवला. तिने लाल माणसाकडे बोट दाखवलं. याने मान डोलावली, म्हणजे अर्थातच, अर्थातच.

पाच मिनिटांत मागे वीस माणसं जमली.

"फारच वेळ लावतोय," थर्मास घेतलेला एक जाडजूड गृहस्थ पुटपुटला आणि शेजारच्या पाटीला टेकला.

"बटण दाबलंत का?" मागून कोणीतरी विचारलं.

"बटण नाहीये," टाउनो ओशाळून म्हणाला. जणू त्यानेच ते खिशात घातलं होतं.

"आई, गाडी कुठाय?" घसरगाडीत बसलेल्या एका पोरीने विचारलं.

"येईल."

"बागेत?"

"लाल आहे ना? मग येणारच असेल! गप बस."

सव्वापाचला रांग ट्रामच्या थांब्यापर्यंत गेली. मागच्यांना काहीच दिसत नव्हतं.

"पुढे काय आहे हो?"

"कुणास ठाऊक! पण एवढी रांग आहे म्हणजे सगळ्यात भारी तेच असणार."

"मग आपण थांबू या."

टाउनोच्या पायांची बोटं एकेक करून त्याचा निरोप घेऊ लागली. केर्टू जागच्या जागी उड्या मारत होती. पाच अठ्ठावीसला तिने घड्याळ पाहिलं, आणि पाठ फिरवली!

"केर्टू!" टाउनो ओरडला. त्याचं ओरडणं ते! थर्मासवाल्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. मग त्याने डोळे घट्ट मिटले आणि पट्ट्यावर पाऊल टाकलं.

"अहो! लाल आहे!"

"पोरं बघतायत, आजोबा! काही वाटतं का?"

टाउनोने डोळे उघडले तेव्हा लाल माणूस विझला होता आणि हिरवा माणूस खांबावर चक्क नाचत होता! घंटा किणकिणल्या. त्याच्या प्रत्येक पावलाखालून हिरव्या लाटा उसळत बर्फावर पसरल्या. पाऊल टाकलं की दिवा हिरवा होणार, हीच उत्सवातल्या त्या कलाकृतीची सगळी गंमत होती. तसं पाटीवर लिहिलंही होतं. फक्त पाटीला थर्मासवाला टेकला होता. ढिगामागून ती कलाकृती करणारी मुलगी "झालं! झालं!" करत उड्या मारत आली, पण तिच्याकडे बघायला वेळ कोणाला होता? हिरवा झालाय तेवढ्यात ओलांडायला हवं!

टाउनो धापा टाकत कारंज्यापाशी पोचला. पाठ केलेली चारही वाक्यं केव्हाच उडाली होती.

"केर्टू, जाऊ नका! तुमच्यासाठी मी आज सिग्नल तोडलाय!"

केर्टू त्याच्याकडे बघतच राहिली. तिचं नाक लालबुंद झालं होतं.

"मी कुठे चालले होते?"

"पाठ फिरवलीत ना!"

"मागचा हिरवा झाला का, ते बघायला वळले हो!" तिने बोट दाखवलं. कारंज्याच्या पलीकडच्या वाटेवरही तसेच पांढरे पट्टे होते आणि तसाच एक लाल माणूस. "मी साडेचारलाच आले. पाचला दिवे लागले, ते दोन्हीकडे लालच! जाऊन जाऊन मी जाणार कुठे?"

टाउनोचा जीव भांड्यात पडला, आणि शौर्यही त्याच भांड्यात पडलं.

केर्टूने मात्र त्याच्या दंडात हात अडकवला. "साडेचारला आले, हे मंडळात कोणाला सांगू नका हं," ती म्हणाली. "चला. एक तोडलातच, तर आता हाही तोडा."

टाउनोने त्या दुसऱ्या लाल माणसाकडे पाहिलं. मग आपल्या दंडावरच्या हाताकडे पाहिलं. मागून दोनशे माणसं आली आणि शिस्तीत त्यांच्या पाठीमागे उभी राहिली. ती मुलगी डोकं धरून बर्फात मटकन खाली बसली.

"थांबू या ना थोडं," टाउनो म्हणाला. "घाई काय आहे?"