कोवा, कापी आणि पहाटेचा बंदोबस्त

"उद्यापासून या घरात सूर्य उगवल्याशिवाय कोणीही भुंकणार नाही!" पवित्रानं जेवता जेवता जाहीर केलं.

"कोणीही म्हणजे मीसुद्धा का गं?" सासूबाईंनी, म्हणजे विशालाक्षीबाईंनी विचारलं. भल्या पहाटे उठून घरभर हाका मारायची त्यांची जुनी सवय होती.

"तुम्ही नाही हो, आत्याबाई! हे दोघे!"

हे दोघे टेबलाखाली पापडाच्या आशेनं बसले होते. कोवा पांढराशुभ्र, कुंभकोणच्या मिठाईच्या दुकानातला पालकोव्याचा गोळा उठून चालू लागावा, तसा! कापी तपकिरी आणि लांबोडका, गावच्या कॉफीचाच रंग. दोघांना एकावर एक ठेवलं तरी घागरीएवढे भरले नसते. आवाज मात्र देवळातल्या नगाऱ्यानं रजा घ्यावी असा. कावळ्यांच्या आधी हे उठत आणि मग कावळ्यांनाही उठवत.

पवित्राला स्वतःच्या झोपेचं काही नव्हतं. जीव अडकला होता तो मधुमितात. मधुमिताचा दुसरा वाढदिवस होऊन गेला तरी पोरगी एक शब्द बोलत नव्हती. हसायची, टाळ्या पिटायची, हवं ते बोटानं दाखवायची. पण शब्द म्हणून नाही! पवित्रा एम.एस्सी. झालेली, निरीक्षण हा तिचा धर्मच. भरवताना तिचं लक्ष घासाकडे नसायचं, लेकीच्या ओठांकडे असायचं. ओठ जरा विलग झाले की हिचा श्वास थांबायचा. आता म्हणेल. 'आई' म्हणेल!

मधुमिता जांभई द्यायची.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट तपासलं होतं. "ऐकू येतंय, समजतंय. बोलेल सावकाश," असं म्हणून जाता जाता त्यांनी विचारलं, "झोप पुरी होते ना?" झालं! बाकीचं सगळं विसरून पवित्रानं तेवढंच पदराला बांधलं. झोप नाही म्हणून शब्द नाहीत, आणि कोवा-कापी आहेत म्हणून झोप नाही. किती सोपं!

आता त्या दोघांना उठवायचं कोण? तर समोरच्या शिवकामीमामी. त्या पहाटे दारात सडा घालायच्या, आणि पाण्याचा पहिला सपकारा पडला की इकडे नगारे सुरू! पवित्रा मामींकडे गेली आणि आपल्या ठेवणीतल्या तमिळमध्ये म्हणाली, "मामी, कोलम जरा उजाडल्यावर काढलंत तर?"

मामींचे डोळे बारीक झाले. "म्हणजे गल्लीत तुझी रांगोळी पहिली?"

"अहो नाही! कुत्र्यांसाठी–"

"कुत्र्यांवर ढकलू नकोस, अम्मा! मी सून म्हणून आले तेव्हापासून पहिला सडा माझा!"

दुसऱ्या दिवसापासून मामी आणखी लवकर उठू लागल्या. एका बादलीच्या दोन झाल्या. त्यांचं कोलम पसरत पसरत पवित्राच्या उंबऱ्याला येऊन टेकलं, आणि कोवा-कापी अशा वेळी भुंकू लागले की गल्लीतल्या दूधवाल्याला आपल्यालाच उशीर झाला असं वाटून तो धावत सुटला!

मग पवित्रा उठून ओरडायची, "उगे राहा!" तिच्या तंजावरी मराठी घरात 'गप्प बसा' कोणी म्हणत नाही. पुण्याहून आलेली एक पाहुणी हे ऐकून पोट धरून हसली होती, "कुत्र्यांशी पोथीतलं बोलता का गं?" पोथीतलं तर पोथीतलं! कोवा-कापी तेवढंच मानायचे.

शेवटी पवित्राच्या नवऱ्यानं, हरिप्रसादनं, पापनाशमच्या आपल्या मित्राला गळ घातली. जानकीरामची तिथं नारळाची बाग होती. "ठेवतो की थोडे दिवस," तो म्हणाला, "माझ्याकडे म्हशीसुद्धा शिस्तीत असतात."

गाडी निघाली. मागच्या काचेला दोन ओली नाकं चिकटली. मधुमितानं त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट गाडी वळून दिसेनाशी झाल्यावरही खाली केलं नाही. पवित्रानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामींचं पाणी पडलं. सपक्! घरात हूं नाही की चूं नाही. मधुमिता गाढ झोपलेली. पवित्रा मात्र टक्क जागी! त्या शांततेनं तिचे कान दुखायला लागले. पायाशी नेहमीची ऊबदार वळकटी नव्हती. तिनं पायानं दोनदा चाचपून पाहिलं.

एवढ्यात फोन वाजला.

"सिस्टर!" जानकीराम रडकुंडीला आला होता. मागे प्रलय चालला होता. "हे ऐकतच नाहीत! बोलू नका म्हणून 'पेसादे' म्हटलं, बसा म्हणून 'उक्कार' म्हटलं, बायकोनं अंगाईसुद्धा म्हटली! गावची सगळी कुत्री कुंपणाशी जमलीत!"

"अहो, त्यांना तमिळ येत नाही! आम्ही घरात मराठीच बोलतो!"

"मग मराठीत काय ओरडू?"

"उगे राहा!"

"उक्के रागाऽऽ!" जानकीराम गरजला. प्रलय दुप्पट झाला.

"फोन त्यांच्या कानाशी धरा!" पवित्रानं फोन स्पीकरवर टाकला आणि दम भरून ओरडायला गेली, "उगे रा–" पण आवाज अर्ध्यातच चिरकला. पलीकडे तो ओळखला गेला. भुंकणं थांबलं आणि दोघं विव्हळायला लागले, बारीक, लांबलचक. पवित्राच्या तोंडून शब्दच फुटेना!

तोच मागून एक छोटा हात आला. केस पिंजारलेली मधुमिता आईच्या मांडीवर चढली, फोन तोंडाशी ओढला आणि कडाडली,

"उगे!"

पापनाशममध्ये शांतता. कुंभकोणमध्ये शांतता.

"कोण बोललं?" हरिप्रसाद ताडकन उठून बसला.

"आणखी कोण?" दारातून विशालाक्षीबाई म्हणाल्या. "रोज पहाटे आईनं कानात ओतलं ते आलं बाहेर!"

पवित्रा हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. हरिप्रसाद तोंड न धुता गाडी घेऊन पापनाशमला सुटला.

कोवा-कापी घरी आले. पण मधुमिता? दिवसभर सगळ्यांनी विनवलं, लाडू दाखवले. तिनं लाडवाकडे बोट दाखवलं. शब्द नाही. पवित्राला वाटू लागलं, आपण स्वप्नच पाहिलं की काय.

दुसऱ्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठून, आज बाहेरच्याच खोलीत पसरलेल्या कोवा-कापीजवळ येऊन बसली. समोर पाणी पडलं. सपक्! जागरणानं थकलेल्या कापीचा नुसता एक कान हलला. कोवा घोरत होता.

"उठा की रे," ती कुजबुजली. "आज एकदाच भुंका."

कोणी हललं नाही. मग एम.एस्सी. पवित्रा गुडघ्यांवर टेकली, हातांवर ओणवी झाली, कापीच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "भो."

काही नाही. जरा मोठ्यानं, "भो! भो!"

आतल्या खोलीतून खणखणीत हुकूम आला, "उगे!"

पवित्रा तिथंच बसून राहिली, तोंडावर पदर दाबून, डोळे भरून. 'आई' येईल तेव्हा येईल. तोवर रोज भुंकायची तिची तयारी होती.

उजाडल्यावर दारात शिवकामीमामी उभ्या. हातात रांगोळीचा डबा, चेहऱ्यावर माया.

"पवित्रा, तिसरं कुत्रं आणलंस वाटतं? घसा पार बसलाय गं त्याचा. गरम पाणी पाज हो बिचाऱ्याला!"