टटलांची गाय

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या भट्टीतला एकही केक पुन्हा फुगू नये.

आमच्या ब्रॅम्बल फॉल्समध्ये क्रांतियुद्धाच्या लेकींचं मंडळ आहे. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांशी झालेल्या लढाईत तुमच्या पूर्वजाने काहीतरी केलं हे कागदाने सिद्ध करा, मगच आत. अध्यक्ष कॉर्डिलिया पीबडी, त्यांचा पूर्वज कॅप्टन. विनिफ्रेड टटलच्या पूर्वजाने, ओबडायाने मात्र सैन्याला फक्त एक गाय दिली होती. पावती होती म्हणून विनिफ्रेड सभासद. पण कॉर्डिलियाबाई पाहुण्यांना तिची ओळख करून देत ती "या आमच्या गाईवाल्या" अशी. तीस वर्षं विनिफ्रेड हे गिळत होती.

यंदा तिने हट्टाने ओबडायाच्या थडग्यासाठी ब्राँझची पाटी मंजूर करून घेतली. तेवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण शाळेतली देशभक्तीची निबंधस्पर्धाही तिच्याकडेच. विषय दिला 'ओबडायाची गाय', आणि वर पोरांना सांगितलं, घरातले जुने कागद धुंडाळा. निबंध आले तेव्हा विनिफ्रेड पाटीच्या समारंभासाठी टोपी शोधत होती. सगळ्यात जाड निबंध बघितला आणि न वाचताच पहिला नंबर देऊन टाकला.

तो होता जोसीचा. जोसी म्हणजे लॉटीची नात, आणि लॉटी म्हणजे मंडळाच्या बैठकीत वीस वर्षं कॉफी ओतणारी.

समारंभाला अख्खं गाव दफनभूमीत जमलं. थडग्यापाशी सळईवर पाटी रोवलेली, वरून झेंड्याने झाकलेली. जोसीने घसा साफ करून वाचायला घेतलं. आजीच्या माळ्यावर तिला मेहिटेबल नावाच्या विधवेची वही सापडली होती. वहीत लिहिलं होतं, 'आज शेजारचा ओबडाया माझी गाय सैन्याला देऊन आला आणि पावती स्वतःच्या नावाची घेऊन आला.'

विनिफ्रेडच्या टोपीवरचं पीस तेवढं हललं, बाकी बाई दगड.

"म्हणजे गाय चोरीची," कॉर्डिलियाबाई गोडीत म्हणाल्या. "विनिफ्रेड, तुझ्या सभासदत्वाचं आता बघावं लागेल हं."

"अजून एक पान आहे," जोसी म्हणाली.

"वाच बाई," विनिफ्रेड म्हणाली. "आता काय राहिलंय माझं."

जोसीने वाचलं, 'गाय काही परत येत नाही. म्हणून त्याच्याशीच लग्न करते आहे. घरातलं उरलंसुरलं आता त्यालाच घालीन.'

विनिफ्रेडने बोटांवर पिढ्या मोजल्या. ओबडायाची बायको मेहिटेबल, म्हणजे तिचीच खापर-खापरपणजी. गाय घरातलीच! मग तिने लॉटीकडे बघितलं.

"ही वही तुझ्या माळ्यावर कशी गं?"

"मेहिटेबलच्या पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलीकडून आली आमच्याकडे," लॉटी म्हणाली. "आम्ही तिचेच. पण आम्हाला कोणी कधी विचारलंच नाही."

विनिफ्रेडने झेंडा बाजूला केला. पाटी लहान, त्यात नाव पुरतं मावलं नव्हतं. नुसतं 'टटल, सैन्याला गाय दिली' एवढंच. तिने दोन्ही हातांनी पाटी उपटली आणि दोन पावलांवर, मेहिटेबल टटलच्या थडग्यापाशी रोवली. टाचेने माती दाबली. मग लॉटीला म्हणाली, "सोमवारी सभासदत्वाचा अर्ज घेऊन ये. शिफारशीची सही माझी."

सोमवारच्या बैठकीत लॉटी पहिल्या रांगेत, विनिफ्रेडशेजारी बसली. कॉर्डिलियाबाईंनी सवयीने रिकामा कप पुढे केला. तो बराच वेळ तसाच अधांतरी राहिला. शेवटी त्या उठल्या आणि कॅप्टनच्या वंशजाने स्वतःच्या हाताने सगळ्यांना कॉफी ओतली. पहिला कप लॉटीला.

आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करते. सगळं खरं, फक्त ती गाय नव्हती. डुकरीण होती. पण डुकरिणीपुढे अख्खं गाव टोप्या काढून उभं होतं, हे सांगायला माझी जीभ रेटेना. पाटीवर मात्र स्पष्ट लिहिलंय, जाऊन बघा.