पालथ्या सासूबाईंचा तपास

थोडक्यातरावांनी कादंबरीचं पहिलं पान गाळलं ते केवळ धुक्यामुळे. विलायतेतलं कुठलंसं खेडं, पहाटेची वेळ आणि पानभर धुकं. ते कुंपणावर बसलं होतं, चर्चच्या मनोऱ्यावर बसलं होतं, एका गाढवावरसुद्धा बसलं होतं, आणि अजून एकही माणूस मेला नव्हता. धुकं ते धुकं, त्यात वाचून दाखवायचं काय, असं म्हणून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "धुकं पडलं होतं," आणि पान उलटलं.

यात त्यांचा दोष होता असं म्हणवत नाही. ती त्यांची नोकरीच होती. जाडजूड फायलींमधला मजकूर साहेबांसाठी अर्ध्या पानात आणून ठेवायचा. साहेब फाइलकडे न बघताच "थोडक्यात?" एवढं विचारत, आणि हे थोडक्यात सांगत. नदीवरच्या पुलाची हातभर जाडीची फाइल त्यांनी एकदा "पूल आहे. पडेलसं वाटतं." एवढ्यात आणून ठेवली होती आणि साहेबांनी पाठ थोपटली होती. तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नाव थोडक्यातराव पडलं. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं.

पण इथे समोर साहेब नव्हते, सासूबाई होत्या. आणि त्या पालथ्या होत्या.

त्यांच्या एका डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलेला. तो पडद्याला टेकून राहावा म्हणून त्यांना पालथं राहायचं होतं. कॉटच्या कडेशी गोल गुंडाळलेला टॉवेल, त्यावर कपाळ, आणि नाक खाली मोकळं. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याला जग दिसायचं ते चार फरश्यांएवढं. त्या फरश्यांवर जे जे येईल ते ते त्या बघत. चहासुद्धा फरशीवर कप ठेवून, लांबलचक स्ट्रॉनं.

सासरे गेल्यापासून सासूबाई आपल्या गावी एकट्या राहत होत्या. मुलगी "इथेच राहायला ये" म्हणून मागे लागली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी कुणावर ओझं होणार नाही." ऑपरेशनमुळे आता कशाबशा आल्या होत्या. बायको शाळेत गणित शिकवायची, परीक्षा तोंडावर आलेल्या. तिनं नवऱ्याला रजा घ्यायला लावली आणि स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, "हे बघा, हीच संधी आहे. तिला करमलं तर ती राहील. पण आपली अडचण होतेय असं तिला एकदा जरी वाटलं ना, तर डोळ्याची पट्टी निघायच्या आत तिची बॅग भरलेली असेल. मला ती एकटी राहायला नकोय हो. रात्री फोन वाजला की उचलायच्या आधी मी देवाचं नाव घेते."

थोडक्यातरावांनाही सासूबाई हव्याच होत्या. सासरी सगळे त्यांच्याकडे दुकानातून चुकून बदलून आलेल्या वस्तूसारखे बघत. हसून "या" म्हणणाऱ्या या एकट्याच. त्यामुळे सासूबाईंनी "काहीतरी वाचून दाखवाल का?" म्हटल्याबरोबर ते धावत लायब्ररीत गेले आणि त्यांच्या आवडीची जाडजूड रहस्यकादंबरी घेऊन आले. इंग्रजीतून मराठीत आलेली. त्यात एक म्हातारी होती. पोलीस दमले की ती छत्री टेकत यायची, दोन प्रश्न विचारायची आणि खुनी पकडायची.

धुकं गेलं. मग एका दिवाणखान्याचं वर्णन गेलं. मग एका आत्याचं बालपण गेलं. एकदा कात्री हातात आली की थांबणं कठीण.

"कर्नल आले," थोडक्यातराव वाचत होते. "चहा झाला. कर्नल मेले."

"चहा पिऊन मेले?" खालून आवाज आला.

"तसं नक्की म्हणता येत नाही."

"मग मधे काय झालं?"

"गप्पा."

"कसल्या?"

"हवापाण्याच्या." (या गप्पा अकरा पानं चालल्या होत्या. कर्नलना कुणी का मारलं असावं याबद्दल थोडक्यातरावांना आता सहानुभूती वाटू लागली होती.)

सासूबाईंनी टॉवेलवरून कान मोकळा केला. मग म्हणाल्या, "जावईबापू, एका वाक्यात तीन पानं वाजली."

"पातळ कागद आहे, आई. चिकटतात."

"असेल." आणि जराशानं, "मघाशी तुम्ही बिस्किटं खाल्लीत. क्रीमची. उजव्या पायाशी चुरा पडलाय. खा हो, लेक माझी ओरडते म्हणून लपून कशाला?"

थोडक्यातरावांनी पायानंच चुरा कॉटखाली सारला. चार फरश्यांवरून या बाईला एवढं कळतं, तर सरळ उभ्या असत्या तर काय झालं असतं, या विचारानं ते धास्तावले. तरी पानं गाळायची सवय सुटेना. घड्याळांवर एक आख्खं प्रकरण होतं. कुठल्या घराचं घड्याळ किती मिनिटं मागे, कुणाचं पुढे, आतली चाकं कशी. ते त्यांनी "गावातली घड्याळं बिघडली होती" एवढ्यात उरकलं आणि स्वतःवर खूश झाले.

आणि मग शेवटचं प्रकरण आलं. सगळी मंडळी दिवाणखान्यात जमली. म्हातारीनं छत्री कोपऱ्यात ठेवली. सासूबाईंनी श्वास रोखला. थोडक्यातरावांनी पुढची ओळ पाहिली आणि त्यांचाही श्वास रोखला गेला. खुनी निघाला घड्याळजी! सगळ्या घरांतून हिंडून घड्याळं दुरुस्त करणारा, मागेपुढे करणारा. त्याला तर यांनी गावात येऊच दिलं नव्हतं.

"कोण?" सासूबाई म्हणाल्या. "वाचा ना!"

"...माळी," थोडक्यातराव म्हणाले.

"माळी? तो तर मंगळवारी विहिरीत पडून मेला!"

"त्याचा जुळा भाऊ."

"त्यालाही बागकाम येतं?"

"घराण्यातच आहे."

सासूबाई हसल्या नाहीत, हेच वाईट झालं. चिडल्याही नाहीत. टॉवेलवर कपाळ जरा नीट ठेवत म्हणाल्या, "दमलात तुम्ही. राहू द्या आता. खूप वाचलंत." तो आवाज पाहुण्यांशी बोलायचा होता.

संध्याकाळी मायलेकींचं बोलणं त्यांच्या कानावर आलं. सासूबाई हळू आवाजात सांगत होत्या, "पट्टी निघाली की मी जाईन हं. तुमचं दोघांचं रोजचं चक्र आहे. चहाला माणूस लागतं, उठायला माणूस लागतं. बिचारे वाचतात, पण कधी एकदा संपतंय असं होतं त्यांना. चुकलं काहीच नाही त्यांचं. पालथ्या म्हातारीपाशी कोण किती बसणार?" बायको बाहेर आली ती डोळे पुसत. नवऱ्याला ती काहीच बोलली नाही. ती बोलली नाही की थोडक्यातरावांना जेवण जात नसे. त्या रात्री त्यांनी अर्धी पोळी गाळली.

दुसऱ्या दिवशी रविवार. थोडक्यातराव आंघोळ करून, पुस्तक घेऊन आले आणि खुर्चीवर बसायचं सोडून सरळ फरशीवर उताणे झाले. सरपटत सरपटत कॉटच्या कडेशी आले. आता वर सासूबाईंचा चेहरा, खाली त्यांचा.

"अगं बाई! पडलात की काय?"

"नाही. आई, मी पानं गाळली. पुष्कळ गाळली. माळ्याला भाऊ नाही. तुमचा कंटाळा नव्हता हो, आईशपथ नव्हता! मला कुठलीच गोष्ट पुरती वाचता येत नाही. खोडच आहे ती. आता पहिल्यापासून वाचतो. सगळं." आणि त्यांनी धुकं वाचायला घेतलं. कुंपणावरचं वाचलं, मनोऱ्यावरचं वाचलं, गाढवावरचं तर आवाज चढवून वाचलं.

सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "काही गाळलंत की तुमच्या पायाचा अंगठा वर होतो. मला दुसरं दिसतं काय? म्हातारी पहिल्यांदा छत्री घेऊन आली तेव्हापासून तुमचा अंगठा खाली टेकलेला नाही."

थोडक्यातरावांना लाज वाटली आणि हायसंही वाटलं. ते पुढे वाचू लागले, तर सासूबाईंनी हात हलवून थांबवलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं.

"थांबा. दवाखान्यात डॉक्टर तुमच्याशी बोलत होते ना? मी तिथेही पालथीच होते. त्यांचे तपकिरी बूट चांगला वेळ तुमच्या चपलांसमोर उभे होते. मधे एकदा पाय बदलून उभे राहिले, इतका वेळ. आणि तुम्ही येऊन आम्हाला सांगितलंत, 'पालथं झोपायचं.' तेवढंच. एवढं सांगायला माणूस पाय बदलतो?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला थोडक्यातरावांचे अंगठे वर झाले. दोन्ही.

बायको चहा आणि स्ट्रॉ घेऊन दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "डॉक्टर आणखी काय म्हणाले होते?"

"तसं विशेष नाही." थोडक्यातराव फरशीवरूनच आठवू लागले. "म्हणजे, तासातासानं थोडं उठून बसावं. मान खाली ठेवली की झालं. घरातल्या घरात फिरायला हरकत नाही. चहा-जेवण टेबलाशी बसून. नाहीतर अंग आखडतं. थोडक्यात म्हणजे... पालथं झोपायचं!"

मग कॉट हलायला लागली. सासूबाई हसत होत्या, टॉवेलमध्ये तोंड खुपसून, अंग गदगदून.

"आई, हसू नका, डोळा!"

"हसायला बंदी आहे का? की परवानगी होती आणि तीही गाळलीत?"

बायकोनं आईला हात देऊन उठवलं. मान खाली घालून, पावलं टाकत सासूबाई टेबलाशी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि किती दिवसांनी कपाला तोंड लावून चहा प्यायल्या. थोडक्यातराव अजून फरशीवरच होते. उठावं की न उठावं याचा अंदाज येत नव्हता. बायकोनं धीर करून विचारलं, "आई, पट्टी निघाल्यावर... जाणारच का गं?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"मला वाटायचं, मी इथे राहिले तर तुझ्यावर ओझं होईन," त्या म्हणाल्या. "आता नीट कळलं. ओझं घरात आधीपासूनच आहे, आणि उचलायला तू एकटी. मी राहते बाई."

बायकोनं आईच्या गळ्यात हात टाकले. थोडक्यातरावांना इतका आनंद झाला की आपला अपमान झाला आहे हे त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं. आपल्या बाजूनं कुणीतरी चार शब्द बोलावेत म्हणून त्यांनी मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं.

"बघ," बायको आईला म्हणाली, "मी इतकी वर्षं फोनवर सांगत होते, तर तुला खोटं वाटायचं."