ग्लेनिस, टोबिन आणि मर्व

सकाळचं ऊन टोबिनच्या स्वयंपाकघरात जराही घाई न करता आलं. आधी ते खिडकीच्या कडेवर थबकलं, मग किटलीच्या पोटावर पिवळटसर पसरलं, तिथून टेबलावरच्या पावाच्या चुऱ्यावर उतरलं आणि प्रत्येक कणाला एकेक इवली सावली देत लॅपटॉपपर्यंत पोचलं. बाहेर खाडीचं पाणी अजून राखाडी होतं. टोबिन हे सारं पाहत बसला होता, कारण सहा आठवडे खपून लिहिलेला त्याचा प्रोग्राम आज बिनचूक चालला होता आणि ते सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

गावच्या हॉलला शंभर वर्षं झाली म्हणून काल चहापान झालं होतं: सँडविच, आणि स्कोन म्हणजे जॅम लावून खायचे छोटे जाड पाव. कोणी काय करून आणलं, कोणी काय आवरलं, त्या सगळ्यांच्या आभाराचं पत्रक त्याला काढायचं होतं. कमिटीची सचिव डेल्मा म्हणाली होती, "हे नीट केलंस तर तुला कमिटीत घेते, लेका. दोन वर्षं झाली, अजून लोक तुला 'तो भाडेकरू' म्हणतात." टोबिनने ते फार मनावर घेतलं. डेल्माच्या वहीतली नावं घेऊन त्याचा प्रोग्राम निर्दोष इंग्रजी वाक्यं रचायचा: एकच नाव असलं तर नुसतं, दोन असली तर मध्ये 'आणि', त्याहून जास्त असली तर स्वल्पविराम आणि शेवटच्या नावाआधी 'आणि'.

नऊ वाजता पत्रक हॉलच्या दारावर लागलं. दहाला डेल्माचा फोन आला.

"स्कोनच्या ओळीत काय लिहिलंयस?"

"ग्लेनिस आणि मर्व. का, चुकलं?"

"व्याकरण चोख आहे. पण ग्लेनिसने मर्वला पाच वर्षांपूर्वी घराबाहेर काढलंय. दोघांनी आपापल्या घरी आपापले स्कोन भाजले. आता गावाला वाटतंय, पुन्हा नांदायला लागले. बोल्स क्लबने तर हिरवळीवरच्या चेंडूंच्या सामन्याला दोघांची जोडीही लावून टाकली."

"मग मर्वना सांगा ना तसं."

"त्याला वाटतंय, ग्लेनिसनेच छापून घेतलं. दाढी करून, पिशवीत पायजमा घालून तिच्या फाटकाशी उभा आहे."

नावं हाताने पुढेमागे करणं टोबिनला पराभव वाटला. त्याने प्रोग्राममध्येच नियम घातला: न पटणारी दोन नावं शेजारी आली, तर मध्ये तिसरं नाव बसवायचं. गावात कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्याने डेल्माला विचारलं. ते सांगून होईपर्यंत तिचे दोन कप चहा झाले. आता तिसरं नाव असं हवं होतं, की ज्याचं कोणाशीच वाकडं नाही. असं नाव एकच निघालं, त्याचं स्वतःचं. ज्याला कोणी ओळखतच नाही, त्याच्याशी भांडणार कोण?

दुपारी हॉलच्या दारावर नवं पत्रक लागलं. स्कोनच्या ओळीत ग्लेनिस आणि मर्व यांच्यामध्ये टोबिन होता. सँडविचच्या ओळीत कुंपणावरून अबोला धरलेल्या दोन शेजारणींमध्ये टोबिन होता. भांडी घासणाऱ्यांत, खुर्च्या मांडणाऱ्यांत, एकूण सात ओळींत टोबिन होता. त्याने ते पत्रक लांबून दोनदा वाचलं. मनात कुठेतरी बरं वाटलं. का, ते मात्र त्याने तपासलं नाही.

तेवढ्यात ग्लेनिस आली. एका हातात अजून ओव्हनचा हातमोजा होता.

"मला माफ करा," टोबिन म्हणाला. "मर्व..."

"मर्वचं सोड. त्याला पायजम्यासकट परत पाठवलं. जाताना डबाभर स्कोन दिले, म्हणजे डबा द्यायला पुन्हा येईल मेला. त्याचं मी बघते." तिने पत्रकावर हातमोजा टेकवला. "तू स्कोन केलेस?"

"नाही."

"सँडविच?"

"नाही. मी फक्त मध्ये..."

"भांडी घासलीस?"

टोबिनने नकारार्थी मान हलवली.

"खुर्च्या तरी?"

"खुर्चीवर बसलो होतो."

"ते पाहिलं मी. सहा स्कोन खाल्लेस. जॅम संपवलास." तिच्या आवाजात राग नव्हता, हे त्याला जास्त लागलं. "बाळा, इथल्या यादीत यायला कॉम्प्युटर लागत नाही. कणीक लागते."

ती गेली. टोबिनने घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि चूक कुठे राहिली ते निर्धाराने शोधू लागला. त्याने ओळ न् ओळ तपासली. प्रोग्राम बरोबर होता. दोन वर्षं तो हॉलच्या प्रत्येक चहापानाला गेला होता, आणि एकदाही घरून काही घेऊन गेला नव्हता.