हातधुवे साहेब

लोकांना एकत्र कसं आणायचं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! जाडजूड पुस्तकांच्या नादी लागू नये. मी आरोग्य खात्यात निरीक्षक आहे, एकोणीस वर्षं नोकरी झालीय, आणि ‘लोकसहभागातून आरोग्य’ या विषयाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी पहिल्या रांगेत बसून, एकही डुलकी न घेता पुरं केलंय. एक अख्खी वस्ती मी संघटित केली. एकट्यानं! त्याबद्दल माझा सत्कार व्हायला हवा होता. त्याऐवजी काय झालं, ते सांगतो.

कारखान्यामागे तीन ओळींची एक वस्ती आहे, दीडेकशे घरांची. तिथे जुलाब-उलट्यांची साथ आली. पंधरा दिवसांत एकतीस रुग्ण, त्यातली निम्म्याहून जास्त लहान पोरं. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“ते प्रशिक्षण घेऊन आलात ना? मग करा लोकांना जागृत. हात धुवा मोहीम!”

आणि चारशे पोस्टरं माझ्या हातात कोंबली. पोस्टरवर एक भलामोठा गुलाबी हात, त्यावर साबणाचा फेस. छापणाऱ्यानं अंगठा चुकीच्या बाजूला काढला होता, पण मोहिमेचा उत्साह असा की कुणाच्या लक्षातच आलं नाही.

घरी येऊन मी हिला सगळं समजावून सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “अहो, पण तिथे धुवायला पाणी चांगलं येतं का?”

“तू आरोग्य खात्यात आहेस का?” मी विचारलं.

बायकांना खात्याच्या गोष्टी कळत नाहीत, दुसरं काय!

गुरुवारी वस्तीत सभा घेतली. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या दाराशी मोकळी जागा होती, तिथे चाळीस-पन्नास माणसं जमली. मावशी मशीन चालवता चालवताच ऐकत होत्या. तोंडात टाचण्या, सहा तरी असतील. आणि तरीही त्या माझ्यापेक्षा स्पष्ट बोलायच्या!

प्रशिक्षणातलं पहिलं तत्त्व : आधी लोकांचं ऐका. त्यासाठी मी दहा मिनिटं राखून ठेवली होती. नंतरची पन्नास माझी.

“तुमच्या आरोग्याची सगळ्यात मोठी अडचण कोणती?” मी विचारलं.

“पाइप!” सगळे एका सुरात.

“छान! म्हणजे पाइपाजवळ हात धुवायची सोय नाही?”

“अहो, पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून गेलाय!” वस्तीतलाच एक नळवाला उठून उभा राहिला. “तिसऱ्या ओळीपाशी सांधा फुटलाय. सकाळी पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या चहासारख्या येतात.”

“बिनदुधाच्या,” मागून कुणीतरी भर घातली.

“आणि त्यानं हात धुवायचे होय?” मावशींनी विचारलं.

आता आली का पंचाईत! माझ्याकडे पोस्टरं चारशे आणि पाइप एकही नाही. पण प्रशिक्षण वाया जात नसतं. ऐन वेळी मला आणखी एक तत्त्व आठवलं : जे लोक स्वतः करू शकतात, ते त्यांच्यासाठी आपण करू नये. काय सोयीचं तत्त्व आहे हो!

“पाइप हा तुमचा प्रश्न आहे,” मी छाती फुगवून म्हणालो. “तो तुम्हीच सोडवला पाहिजे! मी फक्त वाट दाखवणार!”

आणि धडाधड वाट दाखवली. दहा मागण्या करू नका, एकच करा. रडगाणं गाऊ नका, पुरावा जमवा. बाहेरचा पुढारी आणू नका, तुमच्यातलाच निवडा. निर्णय नेमका कोणत्या माणसाच्या हातात अडकलाय ते शोधून काढा. त्याच्याकडे सगळे मिळून जा. आणि तारीख लेखी मिळाल्याशिवाय उठू नका!

खरं सांगू? मला वाटलं, हे ऐकतील, माना डोलावतील आणि घरी जातील. सगळे तसंच करतात. प्रशिक्षणातून आम्ही बत्तीस जण घरी गेलो, एकानं तरी काही केलं का?

पण मावशींनी मशीन थांबवली. तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि माझंच एक पोस्टर ओढून घेऊन उलटं केलं.

“परत सांगा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”

मापाच्या खडूनं त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्यांच्या मांडीला टेकून चार वर्षांची नात बसली होती. दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आलेली. मनगटावर सलाइनच्या सुईची पट्टी अजून तशीच होती.

त्या दिवसापासून वस्तीनं माझं नाव ‘हातधुवे साहेब’ ठेवलं. एकोणीस वर्षांच्या सेवेचं हे फळ! मी मनावर घेतलं नाही.

पुढच्या गुरुवारी गेलो तर मी बघतच राहिलो. नळवाल्यानं खणून फुटका सांधा उघडा केला होता. बायका दोन-दोनच्या जोडीनं घरोघर फिरल्या होत्या. आणि मावशींनी एका जुन्या पांढऱ्या चादरीवर अख्ख्या वस्तीचा नकाशा टाचला होता! घरांना काळा दोरा, गटाराला हिरवा, पाइपाला निळा. ज्या घरात माणूस आजारी पडलं, तिथे एक लाल बटण. तिसऱ्या ओळीत, पाइप गटारात शिरतो तिथे, बटणांची नुसती गर्दी. पहिल्या ओळीला दुसरीकडून पाणी येतं. तिथे एकच बटण.

“हे कसं काय?” मी विचारलं.

“त्या घरची सून तिसऱ्या ओळीतल्या माहेरी गेली होती,” मावशी म्हणाल्या. “चार दिवस.”

माझा ऊर भरून आला. कार्यालयात जाऊन मी सात पानी अहवाल लिहिला. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’ हे शब्द त्यात नऊ वेळा आले.

तिसऱ्या गुरुवारी मी विचारलं, “निर्णय कुणाच्या हातात अडकलाय ते सापडलं का?”

“शोधतोय,” नळवाला म्हणाला.

“सापडला की सोडू नका बेट्याला!” मला चांगलंच स्फुरण चढलं होतं. “तो टोलवाटोलवी करील. घाम पुसेल. चहा मागवील! तुम्ही हलायचं नाही!”

सोमवारी अकरा वाजता मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला नेतृत्व म्हणजे काय ते समजावत होतो, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक-दोन नव्हे, साठ माणसं! पुढे मावशी, काखेत नीट घडी घातलेलं काहीतरी.

मी धावलोच. “या, या! मोठ्या साहेबांकडे ना?”

“नाही,” मावशी म्हणाल्या. “तुमच्याकडे.”

माझ्याकडे! साठ माणसं, कामधंदा सोडून, माझ्याकडे! आणि काखेत भेटवस्तू! माझे डोळे पाणावले. शर्टाचं वरचं बटण लावलं, शिपायाला चहा सांगितला आणि म्हणालो, “अहो, याची काही गरज नव्हती. मी फक्त माझं कर्तव्य केलं.”

“तेच तर केलं नाहीत,” मावशी म्हणाल्या, आणि भेटवस्तू माझ्या टेबलावर पसरली. चादर होती ती! लाल बटणांसकट!

नळवाल्यानं खिशातून शेरे-सह्यांसकट अर्जाची नक्कल काढली. “चार महिन्यांपूर्वी आम्ही पाइपाचा अर्ज दिला होता. त्याचा माग काढला. वरच्या मजल्यावर पाणी खातं आहे. ते म्हणतात, पाणी खराब आहे असं आरोग्य निरीक्षकानं लिहून द्यावं, मग खणतो. आणि निरीक्षक म्हणजे…”

साठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

आता तुम्हाला कार्यालयाची पद्धत सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. अर्ज माझ्याकडे आला. विषय ‘पाइप’ दिसला. मी लिहिलं, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पाणी खात्याकडे.’ त्यांनी लिहिलं, ‘अभिप्रायासाठी आरोग्य खात्याकडे.’ मी पुन्हा वर पाठवला. सात वेळा तो कागद जिना चढला आणि सात वेळा उतरला! विषय वाचायचा की आख्खा अर्ज वाचायचा? आख्खे अर्ज वाचत बसलो तर काम कधी करायचं?

हे सगळं मी त्यांना सांगितलं. जरा जोरातच सांगितलं. माझाही स्वाभिमान आहे! ज्यांना मी हात धुवायला शिकवायला गेलो, ते हात धुऊन माझ्याच मागे लागले होते! “तुमचं चुकतंय,” मी ओरडलो. “वर जा! पाणी खात्यात जा!” आणि रुमालानं कपाळ टिपलं.

“टोलवलं!” मागून आवाज आला. “घाम पण पुसला!”

नेमका तेव्हाच शिपाई चहा घेऊन आला. असे हसले, असे हसले, की शेजारच्या खात्यातली माणसं बघायला आली.

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चादरीवरच्या एका बटणावर बोट ठेवलं.

“हे आमच्या नातीचं,” त्या हळू म्हणाल्या. “तुम्ही पाचव्यांदा कागद वर पाठवलात ना, त्या आठवड्यातलं. तारीख आहे तुमच्या सहीखाली.”

मी ती सही पाहिली. झोकदार होती. माझीच होती.

मग नमुन्याची बाटली घेतली, त्यांच्याबरोबर चालत वस्तीत गेलो आणि स्वतःच्या हातानं पाणी भरून आणलं. तपासणीत जे यायचं तेच आलं. मी दोन ओळींचा अभिप्राय लिहिला. दोन ओळी! त्या लिहायला मला चार मिनिटं लागली, आणि चार महिने. नवव्या दिवशी पाइप बदलला. त्यानंतरच्या पंधरवड्यात एकही नवा रुग्ण आला नाही.

मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. “साठ माणसं कार्यालयात घुसली! हे त्यांना शिकवलं कुणी?”

मी छताकडे पाहिलं.

“तुमच्याच अहवालात आहे,” साहेबांनी माझी सात पानं पुढे सरकवली. “‘माझ्या मार्गदर्शनाखाली.’ नऊ वेळा!” आणि वर खुलासा मागणारं ज्ञापन हातात ठेवलं.

पुढच्या महिन्यात मी वस्तीत गेलो, तर मावशींच्या दाराशी सभा चाललेली. मला न बोलावता! माझ्याच पद्धतीनं! मी जाब विचारायला पुढे झालो, तर मावशींनी स्टूल सरकवलं.

“बसा. बोला, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?”

एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं हो. मी बोलत सुटलो. आमच्या विभागात तीन निरीक्षक हवेत, पाच वर्षं मी एकटाच आहे. अकरा वस्त्या, महिन्याला दोनशे अर्ज. वाचणार कोण? अर्धा तास बोललो. मावशी लिहून घेत होत्या. तेव्हाच मला थांबायला हवं होतं.

“मागणी एकच,” त्या म्हणाल्या. “दोन जागा भरा. निर्णय कुणाच्या हातात आहे?”

“मोठ्या साहेबांच्या,” मी बोलून गेलो.

“ठरलं तर. मंगळवारी अकरा वाजता. तुम्ही पुढे उभे राहायचं.”

मी नको नको म्हणत पळालो आणि मंगळवारची रजा टाकली. साहेबांनी ती नामंजूर केली. म्हणाले, “मंगळवारी ती वस्ती पुन्हा येणार आहे म्हणे. तुम्हाला त्यांचा अनुभव आहे. जिन्यावर उभे राहा आणि नव्या जागांची काही गरज नाही, हे त्यांना पटवून द्या.”

म्हणजे माझ्यासाठी येणाऱ्या माणसांना मीच अडवायचं! तणतणत घरी येऊन हिला सांगितलं, तर ही शांतपणे म्हणाली, “मी जाणार आहे त्यांच्याबरोबर. घरचं कुणीतरी नको का?”

आत्ता ती स्वयंपाकघरात घोषणा पाठ करतेय. आवाज चांगला खणखणीत आहे, ते मान्य करायला हवं. तिला दुसरी ओळ काही केल्या जुळत नव्हती. शेवटी मीच जुळवून दिली.