भिऊन खा

आमच्या शेजारच्या नाना भाटकरांनी एकदा सत्यनारायणाच्या पंचामृताची तपासणी केली होती. ऐकीव गोष्ट नाही, पूजा आमच्याच घरची आणि पाटावर मीच होतो. भटजींनी पळीभर पंचामृत नानांच्या तळहातावर घातलं. एरवी माणूस ते पितो, ओला हात डोक्यावरून फिरवतो आणि शिऱ्याच्या पातेल्याकडे बघतो. नानांनी खिशातून एक वीतभर नळी काढली, तिच्या टोकाच्या काचेवर पंचामृताचा थेंब सोडला, वरचं झाकण मिटलं आणि नळी डोळ्याला लावून खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून उभे राहिले.

"अठ्ठावीस!" नाना ओरडले. "भटजी, तीर्थ म्हणून पाक वाटताय काय?"

भटजींनी हातातली पळी खाली ठेवली. माझी बायको शुभा स्वयंपाकघरात पळाली आणि तिने शिऱ्यावर झाकण घातलं.

त्या नळीला ब्रिक्समीटर म्हणतात. आत एक पट्टी दिसते, वर निळी, खाली पांढरी, आणि दोन्हींच्या मधल्या रेषेवर आकडा वाचायचा. त्या थेंबात गोड किती, ते कळतं. नानांचा जन्म आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत गेला. हापूसच्या रसाचे डबे भरायच्या आधी ब्रिक्स किती ते नाना सांगायचे, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय डबा बंद व्हायचा नाही. रिटायर झाले तेव्हा फॅक्टरीवाल्यांनी शाल आणि नारळ दिला. मीटर नानांनी मागून घेतला.

काही वर्षं तो कपाटात पडून होता, मग एक दिवस नानांच्या खिशात आला, आणि तेव्हापासून आमची वाडी नानांना भिऊन असते. त्यांच्या बेड्याची, म्हणजे फाटकाची, कडी वाजली की घराघरांत डबे बंद होतात. कोकम सरबताचा पेला माणसं पाठीमागे धरतात. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या हातातल्या मसाला दुधात त्यांनी नळी बुडवली, तेव्हा व्याह्यांना वाटलं की हे सरकारी खात्याचे कोणी आहेत. बिचारे जेवण होईपर्यंत नानांच्या पानाशी हात जोडून उभे होते.

"जीभ लाचखाऊ असते, सदा," नाना मला सांगायचे. "तिला चिमूटभर दिलंस की ती काय वाटेल ते पास करते. आकडा बघावा. आणि खायचं तर भिऊन खा!"

'भिऊन खा' हा त्यांचा आशीर्वाद. वाकून नमस्कार केला तरी तोच मिळतो.

नानांच्या ह्या भीतीचं कारण वाडीला माहीत होतं. नानांच्या बायकोला, कुसुमकाकींना, मधुमेहाने गाठलं आणि त्यात त्यांचे डोळे गेले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दिवसभर पडवीत आरामखुर्चीत बसलेल्या असतात आणि पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतात. त्यामुळे नानांच्या लहरी आम्ही सोसत होतो. सोसत होतो म्हणजे काय, चहा लपवून पीत होतो.

मग गेल्या चैत्रात माझाच रिपोर्ट आला.

मी तसा भित्रा माणूस. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलतो. रिपोर्टवर साखरेच्या आकड्यापुढे मारलेली फुली बघितली आणि कागद उलटा करून ठेवला. डॉक्टर पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. मला फक्त आरामखुर्ची दिसत होती. घरी आलो आणि एक डोळा झाकून कॅलेंडर वाचलं, मग दुसरा झाकून. चतुर्थी दोन्हींना दिसली, तेव्हा कुठे जेवलो.

वाडीला कळायला संध्याकाळही लागली नाही. जो तो आला आणि एकेक डबा ठेवून गेला. जो तो म्हणे, साखर तेवढी सोड रे, बाकी सगळं चालतं. एकाने देवरूखहून आणलेला जंगलातला मध दिला. दुसऱ्याने काळा गूळ दिला, बिनपावडरचा, चहात घाल म्हणाला. कोणी घाटावरच्या काकवीची बाटली आणली, तिच्यात लोह असतं म्हणे. कोणी खडीसाखर, ती थंड. शुभाने सगळं फळीवर ओळीने मांडलंन. खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. आधी घरात एक साखर होती. आता गोडाचे चार डबे झाले होते आणि सगळे औषध म्हणून!

दुसऱ्या दिवशी सकाळी बेड्याची कडी वाजली.

नानांनी फळीकडे बघितलं आणि ते मटकन पाटावरच बसले. मग उठले, घरी जाऊन सोनाराचा असतो तसला लहान काटा घेऊन आले आणि शुभाला म्हणाले, "पेले काढ गो."

त्यांनी सगळं सारखं तोललं. एका पेल्यात साखर, एकात गूळ, एकात मध, एकात खडीसाखर. पाणी सारखं. ढवळलं, आणि एकेक थेंब काचेवर घेत मलाच नळीतून बघायला लावलं.

साखर दहा. खडीसाखर दहा. गूळ साडेनऊ. मध आठ.

"खडीसाखर म्हणजे साखरच. दागिने घालून आलेय एवढंच," नाना म्हणाले. "आणि काकवी पाणी न घालता बघ."

मी बघितलं. रेषाच दिसेना.

"पट्टीच्या बाहेर गेली!" नाना म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

"पण नाना, हे नैसर्गिक आहे," मी म्हटलं.

"फुरशाचं विषपण नैसर्गिक असतं! पुडीतून येत नाही ते."

"मग खाऊ काय मी?"

"भिऊन खा."

मी मान डोलावली. पण माणूस भित्रा असला की त्याला आवडेल तेच खरं वाटतं. आता नाना काय डॉक्टर आहेत? आंब्याच्या रसाचं त्यांना कळत असेल, काकवीतल्या लोहाचं काय कळणार? मी मध आणि गूळ परत केला, खडीसाखर देवाला ठेवली आणि काकवीची बाटली तांदळाच्या पिंपात पुरली. शुभा बाजारात गेली की मागल्या दाराच्या पायरीवर बसायचं, गार घावन काकवीत बुडवायचं आणि औषध समजून खायचं. महिनाभर चाललं. पायांना मुंग्या येत होत्या, पण त्या मी पायरीवरच्या मुंग्यांच्या नावावर घातल्या.

एका सकाळी मागच्या फणसाआडून नाना आले. बेड्याची कडी टाळून आले, म्हणजे संशय होताच. माझं बोट तोंडात होतं, हनुवटीवर काकवी.

आता आकाशपाताळ एक करणार असं वाटून मी डोळे मिटले.

"उघड," नाना म्हणाले. "डोळे उघड आधी."

उघडले. नाना ओरडत नव्हते. त्यांनी माझी हनुवटी धरली, वर उजेडाकडे केली आणि आधी एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात. मग दोन पावलं मागे जाऊन बोटं धरली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"दोन. नाना, दिसतंय मला."

"तिलापण दिसत होतं," नाना म्हणाले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. "सदा, हे मीच केलं रे. तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी साखर घराबाहेर काढली. पाच वर्षं दाणा येऊ दिला नाही. आणि रोज सकाळी माझ्या हाताने घावन घालून त्यावर काकवी ओतली. मला वाटे, औषध देतोय. फॅक्टरीत लाखभर डबे तपासले असतील, पण घरातल्या काकवीचा एक थेंब काचेवर घेतला नाही. घ्यावासा वाटलाच नाही! मग एके दिवशी तिने विचारलं, दिवा का नाही लावलात? बाहेर टळटळीत ऊन होतं."

मला स्वतःची लाजही वाटली आणि भीतीही. इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला हसत होतो, त्याला बघून पेले लपवत होतो.

नानांनी बाटली उचलली, कुंपणाच्या गडग्यापाशी नेऊन पालथी केली आणि संपूर्ण रिकामी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. काकवी पडायला वेळ फार लावते. "चल," मग म्हणाले, "आमच्याकडे चहा घे. भिऊ नको, बिनसाखरेचा आहे."

पडवीत कुसुमकाकी होत्या. "सदा ना रे? पाय ओढतोयस," त्या म्हणाल्या. नाना आत चहा टाकायला गेले. मी काकींच्या खुर्चीजवळ बसलो. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज झाल्यावर काकींनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"काकवीचं बोलले ना तुला?"

"हो."

"मला ठाऊक होतं रे," काकी म्हणाल्या. "डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंनी होतं, गूळ, मध, काकवी, सगळं बंद. हे तेव्हा बाहेर औषधांच्या रांगेत होते."

"मग खाल्लंत कशाला?"

काकी जराशा हसल्या. "लग्न झाल्यापासून एकाही आंब्याच्या हंगामात हे घरी नव्हते. बाकीच्या दिवसांत असत, तेव्हाही फॅक्टरीच्याच गोष्टी. रिटायर झाले आणि पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आले. स्वतः घावन घालायचे, जाळी पडली की पोरासारखे हाक मारायचे. काकवी ओतायचे आणि समोर बसून बघत राहायचे, मी खाते कशी. माझ्याकडे इतका वेळ कोणी बघितलं नव्हतं, सदा. नको कसं म्हणू? आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. भीती वाटायची, सांगितलं की उठून जातील."

"आता तरी सांगा, काकी. मनातून जळतायत ते."

"वेडा आहेस. आता काकवीवर चिडतात, मीटरवर चिडतात, तुमच्यावर चिडतात. खरं कळलं तर म्हणतील, माझ्यासाठी डोळे घालवलेस. ते त्यांना सोसायचं नाही. काकवीवरच चिडू देत. आणि तू शब्द दे, त्यांना कळता नये."

मी काकींच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात नाना ट्रे घेऊन आले. माझा पेला माझ्यापुढे ठेवला. काकींच्या कपातला थेंब काचेवर घेतला, पडवीच्या कडेला जाऊन नळी उजेडाकडे धरली.

"चार," ते म्हणाले. "दुधाचेच आहेत. पी."

त्यांनी कप काकींच्या हातात नीट बसवला, कान उजव्या हाताच्या बोटांत येईल असा, आणि समोरच्या स्टुलावर बसून बघू लागले. काकींनी एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"गोड झालाय हो आज," त्या स्टुलाकडे तोंड करून म्हणाल्या.

नाना ताडकन उठले. "गोड? कुठून आलं गोड?" कप काकींच्याच हातात ठेवून त्यांनी त्यात चमचा बुडवला, पुन्हा थेंब काचेवर घेतला आणि नळी डोळ्याला लावून उजेडात गेले.