मोटारखान्यातली मेढ

दाभोशाच्या ढवळूसारखं खळं करणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा नव्हता. त्याच्या खळ्यावर सांडलेला नागलीचा दाणा नुसत्या फुंकरीनं गोळा होतो, असं लोक म्हणत. लोक म्हणत नसले की तो स्वतः म्हणे.

जव्हारच्या दरबारी मोटारखान्याची सिमेंटची जमीन फुटली, तेव्हा मुंबईचा गवंडी हिवतापाच्या भीतीनं यायला तयार होईना. मोटार दुरुस्तीला नाशिकला गेलेली, आठ दिवसांनी परत यायची. कारकून अनंतरावांनी ढवळूला बोलावलं.

“जमेल का रे?”

“जमीन ती जमीन, रावसाहेब. मातीची असो नाय तं सिमिटाची.”

“नीट केलीस तर तुझी वेठ माफ. तसा कागद आणवतो. बिघडवलीस तर दुप्पट वेठ.”

वेठ म्हणजे ऐन कापणीत महिनाभर सरकारचं फुकट काम. ढवळू त्याच दुपारी कामाला बसला.

पहारेकरी जिवानं मुंबईच्या गवंड्याचं काम पाहिलं होतं. त्यानं सांगितलं तसं ढवळूनं सगळं केलं. भेगा छिन्नीनं रुंद केल्या. मोटारीच्या तेलाचे डाग राखेनं घासून काढले. सिमेंट, वाळू, खडी कालवून खड्डे भरले, थापीनं सारखं केलं आणि वरून नदीतल्या गोट्यानं असं घोटलं की जिवा त्यात बघून मिशा पिळू लागला. मग ओला पेंढा पसरून सात दिवस पाणी मारलं.

आठव्या दिवशी सकाळी अनंतराव आले आणि दारातच थांबले.

“हे मधोमध काय आहे?”

“मेढ,” ढवळू म्हणाला.

सगळ्यात मोठा खड्डा मधोमध होता. त्यात सागाचा छातीइतका उंच खांब उभा करून त्यानं भोवती सिमेंट ठासलं होतं. खळ्याच्या मधे मेढ असतेच. त्यानं विचार असा केलाच नव्हता, हातांनीच ते करून टाकलं होतं.

“मेढ कशाला?”

“मेढ नाय तं बैल कशाला बांधाचा?”

“अरे, इथे मोटार येते!”

ढवळूनं मेढीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “मग मोटार बांधा,” तो हळूच म्हणाला.

“कापून टाक ती.”

“शेंदूर लावलाय, रावसाहेब. नारळपण फोडलाय.”

अनंतरावांनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला. शेंदराच्या मेढीवर करवत चालवायला जिवाही तयार होईना. शेवटी ती ओढून काढायची ठरली. ढवळूनं आपले बैल आणले, दोर मेढीला बांधला आणि हाकारा दिला.

बैल चार वर्षं खळ्यावर फिरलेले. दोर मेढीला आहे म्हटल्यावर पुढचं त्यांना कोणी सांगायला नको होतं. ते गोल फिरू लागले. अनंतराव ओरडले, जिवानं शेपट्या पिरगाळल्या. बैल जरा जोरात गोल फिरले.

तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मोटारीतून बांधकामाचे मोठे साहेब उतरले. त्यांनी बैलांचे तीन फेरे पाहिले, मग खाली बसून जमिनीवरून हात फिरवला.

“कोणी केली जमीन?”

जिवानं ढवळूकडे बोट दाखवलं. ढवळूनं मनात दोन महिन्यांची वेठ धरली.

“उत्तम. एवढे खूर आपटले, पण एक चीर नाही. आणि हे छपराखालचं खळं कोणाला सुचलं? दरबारचं भात दरवर्षी अवकाळीनं भिजतं.”

“मला, साहेब,” अनंतराव म्हणाले.

मोटार आंब्याखाली उभी राहिली. महिन्याभरात कागद आला. ढवळूची बायको फागीही ऐकायला आली होती. अनंतरावांनी वाचून दाखवलं, “ढवळूस वेठ माफ.” खाली आणखी एक ओळ होती. दरबारी खळ्यावर मळणीचे दोन महिने ढवळूनं बैलांसह हजर राहावं.

“मग ही वेठ नाय?” ढवळूनं विचारलं.

“छे, छे. वेठ माफ झाली ना? हा मान आहे.”

फागीनं विचारलं, “मान याला, का बैलांना?”

ढवळू बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.